खाटेमागचे हात

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



‘साथीच्या काळात रुग्णालयांवर प्रचंड ताण आला’ हे वाक्य २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत इतक्या वेळा छापले आणि बोलले गेले, की त्याचा अर्थच झिजून गेला. रुग्णालय ही इमारत असते. भिंतींना ताण येत नाही, खाटांना येत नाही, प्राणवायूच्या नळ्यांनाही येत नाही. तो येतो तेथे राबणाऱ्या माणसांना. निवासी डॉक्टर, परिचारिका, आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, शवागारातील कर्मचारी अशी ही माणसे. त्यांचे काम साथीत नेमके किती वाढले, कशामुळे वाढले आणि त्या वाढीचा खर्च अखेर कोणी सोसला, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. म्हणूनच तो राजकारणाचाही आहे. ‘विषाणूमुळे’ असे एका शब्दात त्याचे उत्तर देणे राज्यकर्त्यांना सोयीचे असते. विषाणूने काम आणले हे खरेच. पण ते काम ज्यांच्या खांद्यांवर पडले त्यांची संख्या आधीच तोकडी ठेवली गेली होती, आणि ती ठेवणारे हात माणसांचेच होते.

प्रथम एक साधा हिशेब मांडला पाहिजे. कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या एका रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका असावी, असा अतिदक्षता विभागाचा मान्य निकष आहे. ऐकणाऱ्याला वाटते, एका खाटेला एक परिचारिका पुरली. परंतु दिवसाच्या तीन पाळ्या धरल्या तर आठवड्याच्या एकवीस होतात, आणि साप्ताहिक सुट्टी वगळता एक परिचारिका सहा पाळ्या करते. म्हणजे एका खाटेला साडेतीन परिचारिका हव्यात. आजारपण, बाळंतपण, हक्काची रजा यांसाठी ३० टक्के रजा-राखीव पदे असावीत, असे भारतीय परिचर्या परिषद सांगते. ती मिळवली की आकडा साडेचारांवर जातो. दहा खाटांच्या विभागाला पंचेचाळीस परिचारिका लागतील. साथ नसताना, सर्व काही सुरळीत असताना लागणारी ही संख्या आहे. आणि राज्यातील किती जिल्हा रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागात ती प्रत्यक्ष दिसते, हे श्रोत्यांपैकी ज्यांनी तेथे नातेवाईक म्हणून रात्री काढल्या आहेत त्यांना वेगळे सांगावयास नको.

आता याच विभागात साथ आली. अंगावर पीपीई किट चढवले, की पाणी पिता येत नाही, लघवीला जाता येत नाही, मे महिन्याच्या मुंबईत तर अंगातून घामाच्या धारा लागतात. तेव्हा आठ तासांची पाळी सहा तासांची करावी लागली. आठवड्याच्या पाळ्या अठ्ठावीस झाल्या. शिवाय एक आठवडा सलग काम आणि एक आठवडा विलगीकरण, असा क्रम अनेक ठिकाणी सुरुवातीला ठेवला गेला. म्हणजे एका परिचारिकेकडून आठवड्याला सरासरी साडेतीन पाळ्याच मिळणार. अठ्ठावीसला साडेतीनने भागले की उत्तर येते आठ. एका खाटेला आठ परिचारिका, दहा खाटांना ऐंशी. आणि यात स्वतः बाधित होऊन अंथरुणाला खिळलेल्यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही. पंचेचाळिसांच्या जागी ऐंशी हव्या होत्या, आणि हाताशी मुळात पंचेचाळीसही नव्हत्या. ही दरी भरली कशी?

ती भरली गेली कामगाराच्या शरीरातून. १५ मे २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सूचना काढली, की संरक्षक साधने वापरून नेहमीचे काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना कामानंतर सरसकट विलगीकरणाची गरज नाही. संसर्गाचा मोठा धोका पत्करावा लागलेल्यांपुरताच तो विचार व्हावा. या सूचनेमागे काही वैद्यकीय युक्तिवाद होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिचा आर्थिक अर्थ वरील हिशेबावरून उघड आहे. विलगीकरणाचा आठवडा काढून टाकताच कागदावर मनुष्यबळ जवळपास दुप्पट झाले. एकही नवी नेमणूक न करता झाले. ज्या धोक्याची किंमत शासनाने निवासाची सोय करून आणि बदली माणसे नेमून मोजावयाची, तो धोका परिचारिकेच्या दोन खोल्यांच्या घरी, तिच्या म्हाताऱ्या सासूच्या आणि मुलांच्या शेजारी नेऊन ठेवण्यात आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जून २०२० मध्ये न्यायालयाने आरोग्य कर्मचाऱ्यांना वेळेवर वेतन आणि विलगीकरणाची सोय देण्याविषयी आदेश दिले, आणि जुलैअखेर विलगीकरणाचा काळ रजा म्हणून धरू नये असे सांगितले. वेतन वेळेवर मिळावे एवढ्यासाठी डॉक्टरांना महासाथीच्या ऐन भरात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

या हिशेबात न दिसणारा एक घटक आहे आणि तो फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडील सरकारी व पालिका रुग्णालये केवळ पगारी कर्मचाऱ्यांवर कधीच चाललेली नाहीत. ती रुग्णाच्या नातेवाइकांवर चालतात. स्ट्रेचर कोण ढकलतो? नातेवाईक. रक्ताची बाटली आणावयास कोण धावतो? नातेवाईक. रुग्णाला भरवणे, कूस बदलणे, भांडे देणे, सलाईन संपत आले की सिस्टरना हाक मारणे, रात्री उशाशी जागणे, ही सारी कामे पत्नी, बहीण, मुलगा, गावाकडून आलेला भाऊ करीत असतो. या श्रमाची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात नाही. परंतु परिचारिका, आया आणि वॉर्डबॉय यांची पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवूनही रुग्णालये चालू राहतात, ती याच फुकटच्या श्रमाच्या आधारावर. घरात स्त्रीच्या न मोजलेल्या कामावर मजुरीचे दर खाली ठेवता येतात, हे चळवळीत अनेकदा सांगितले गेले आहे. रुग्णालयातही तोच न्याय चालतो. गरिबाचा नातेवाईक हा सरकारी आरोग्यसेवेचा सर्वांत मोठा बिनपगारी कर्मचारी आहे.

कोविडने हा कर्मचारी एका दिवसात दाराबाहेर काढला. संसर्गाच्या भयाने नातेवाइकांना विभागात प्रवेश बंद झाला, आणि त्यांची सारी कामे आत उरलेल्या मूठभर माणसांवर येऊन कोसळली. धाप लागलेल्या रुग्णाला पाणी पाजण्यासाठी प्राणवायूचा मुखवटा काढावयाचा आणि पुन्हा नीट बसवावयाचा, हे काम दर रुग्णाला दिवसातून कितीदा करावे लागत असेल, याची कल्पनाच करावी. बेशुद्ध रुग्णाला पालथे झोपवावयाचे तर चारपाच माणसे एका वेळी लागतात; एकजण डोके आणि नळी सांभाळतो, बाकीचे अंग वळवतात. काही तासांनी पुन्हा उताणे करावयाचे. बाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना दूरध्वनीवरून प्रकृती कळवावयाची. रुग्ण दगावला तर मृतदेह नियमाप्रमाणे गुंडाळून बांधावयाचा, आणि हे काम बहुतेक ठिकाणी ज्यांचा पगार सर्वांत कमी त्यांच्याकडे. मे २०२० मध्ये मुंबईतील एका मोठ्या पालिका रुग्णालयात सहकारी दगावल्यावर कर्मचाऱ्यांनी निदर्शने केली, तेव्हा काही सुशिक्षितांनी नाके मुरडली. साथीत आंदोलन शोभते का, असे ते विचारत होते. शवागारातील पाळी किती तासांची होती, असे मात्र त्यांनी विचारले नाही.

कामाचे तास मोजताना घर ते रुग्णालय हे अंतरही मोजले पाहिजे. मार्च २०२० च्या अखेरीस मुंबईची उपनगरी गाडी बंद झाली, आणि अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी ती सुरू झाली ती १५ जूनला. मुंबईच्या रुग्णालयांत काम करणाऱ्या आया आणि परिचारिका परळला वा भायखळ्याला राहत नाहीत. त्या विरार, बदलापूर, पनवेल येथे राहतात, कारण त्यांच्या पगारात तेथेच घर मिळते. जवळजवळ तीन महिने त्यांनी एस.टी. आणि बेस्टच्या गाड्यांतून उभ्याने प्रवास केला. सहा तासांच्या पाळीसाठी त्याहून अधिक वेळ रस्त्यावर गेल्याचे दिवस थोडे नव्हते. परतल्यावर दाराशीच कपडे उतरवून आंघोळ, मुलांपासून अंतर, आणि तरीही चूल आहेच. काहींना घरमालकांनी खोली सोडावयास सांगितले. कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतून मे २०२० मध्ये मणिपूरच्या शेकडो परिचारिका नोकरी सोडून गावी परतल्या. त्यांच्या तक्रारींत शेजाऱ्यांची तुसडी वागणूक होती, असुरक्षितता होती आणि पगारही होता.

साथीतल्या या भयाला इतिहास आहे. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी, मुंबईत गाठीचा ताप पसरू लागल्यानंतर महिन्याभरातच, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. ते रुग्णालय म्हणजे आजचे कस्तुरबा, आणि त्या रस्त्याला आज साने गुरुजींचे नाव आहे. २०२० च्या मार्चमध्ये मुंबईतील संशयित कोविड रुग्ण प्रथम तेथेच नेले जात होते. त्या वेळच्या कामगारांना रुग्णालय म्हणजे माणूस आत जातो आणि बाहेर येत नाही अशी जागा वाटे, आणि आकडे पाहता ती समजूत अगदीच निराधार नव्हती. सरकारने उत्तर दिले ते १८९७ च्या साथरोग कायद्याने. त्या कायद्यात सरकारला अधिकार होते, आज्ञा मोडणाऱ्याला शिक्षा होती, अधिकाऱ्याला संरक्षण होते. रुग्णसेवा करणाऱ्याच्या पगाराविषयी, विश्रांतीविषयी, संख्येविषयी एक ओळ नव्हती. एप्रिल २०२० मध्ये त्याच कायद्यात अध्यादेशाने दुरुस्ती झाली आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी कडक शिक्षा आली. ते आवश्यकच होते. पण एकशे तेवीस वर्षांनी कायदा उघडला आणि त्यात पुन्हा शिक्षाच वाढवली. पाळी, पद आणि वेतन यांना तेव्हाही कोणी हात लावला नाही. मधल्या १९१८ च्या इन्फ्लुएंझात सव्वा कोटीहून अधिक भारतीय मेले, आणि त्या वेळी सरकारी डॉक्टरांपैकी पुष्कळजण साम्राज्याच्या युद्धावर पाठवलेले होते. मुंबईत रुग्णसेवेचा भार स्वयंसेवकांनी आणि जातीजमातींच्या मंडळांनी उचलला. माणसे नाहीत म्हणून साथ थांबत नाही; ती जो हाती लागेल त्याच्याकडून काम करून घेते.

२०२० मध्ये खाटा मात्र वेगाने वाढल्या. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानात, गोरेगावच्या प्रदर्शनगृहात, पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर प्रचंड मंडप उभे राहिले. मंडप पंधरा दिवसांत उभा होतो. परिचारिका तयार होण्यास तीन ते चार वर्षे लागतात, आणि अतिदक्षता विभागात एकटीने उभी राहण्याइतका हात बसण्यास पुढे आणखी काही महिने. मे २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने केरळ सरकारला पत्र लिहून पन्नास डॉक्टर आणि शंभर परिचारिका मागितल्या. परिचारिकेला दरमहा तीस हजार रुपये देऊ केले होते. देशातील सर्वांत श्रीमंत राज्यांपैकी एकाने शंभर परिचारिकांसाठी दुसऱ्या राज्याकडे हात पसरावा, याहून बोलका पुरावा कोणत्याही अहवालात सापडणार नाही. केरळने माणसे पाठवली, हे त्या राज्याच्या जुन्या गुंतवणुकीचे फळ. तेथील परिचारिकाही सुखात होत्या असे समजण्याचे मात्र कारण नाही.

खासगी क्षेत्राची गोष्ट थोडक्यात आटोपता येईल. साथीच्या आरंभी पुष्कळ दवाखाने बंद होते, काही रुग्णालयांनी पगार कापले. एप्रिलमध्ये मध्य मुंबईतील एक नामांकित रुग्णालय तेथील परिचारिकाच मोठ्या संख्येने बाधित झाल्याने बंद करावे लागले. २१ मे २०२० च्या आदेशाने राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर बांधले. श्वसनयंत्रासह अतिदक्षता विभागाचा दर दिवसाला ९,००० रुपये ठरला. हे चांगलेच झाले. परंतु खाटेचा दर बांधणाऱ्या सरकारला त्याच खाटेमागच्या परिचारिकेचा किमान पगार बांधावासा वाटला नाही. पन्नासहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा निदान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस केंद्राच्या समितीने २०१६ सालीच केली होती.

निवासी डॉक्टरांचे प्रकरण वेगळे आहे आणि पुरेसे समजून घेतले गेलेले नाही. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा गाडा तीन वर्षांच्या तीन तुकड्या ओढतात. पहिल्या वर्षाची तुकडी सर्वांत जास्त राबते. १८ एप्रिल २०२१ ला होणारी पदव्युत्तर प्रवेश परीक्षा साथीमुळे पुढे ढकलली गेली. ती सप्टेंबरमध्ये झाली, आणि आरक्षणाच्या निकषांवरील न्यायालयीन वादामुळे प्रवेश सुरू व्हावयास जानेवारी २०२२ उजाडला. म्हणजे तीनपैकी एक तुकडी कित्येक महिने आलीच नाही. एक तृतीयांश माणसे कमी, आणि कामात घट नाही. १८ एप्रिल २०२१ याच दिवशी महाराष्ट्रात ६८ हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले होते, ही तारखांची जुळणी मुद्दाम ध्यानात ठेवावी. डिसेंबर २०२१ मध्ये देशभर निवासी डॉक्टर रस्त्यावर आले, ते पगारवाढीसाठी नव्हे. नवे सहकारी पाठवा, एवढीच त्यांची मागणी होती.

आणि कोविड नसलेले काम? ते नाहीसे झाले नाही, साठून राहिले. देशात २०१९ साली क्षयाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते; २०२० साली ती नोंद सुमारे १८ लाखांवर आली. सहा लाख माणसांचा क्षय एका वर्षात बरा झाला नव्हता. त्यांतील बरेचसे उशिरा आणि अधिक बिघडून त्याच ओ.पी.डी.च्या रांगेत परत आले. पुढे ढकललेल्या शस्त्रक्रिया आणि मोडलेले उपचार यांचेही तेच. साथ ओसरली असे शासन जाहीर करते, त्या दिवसापासून कर्मचाऱ्याची थकबाकीची पाळी सुरू होते. तिच्यासाठी जादा भत्ता नसतो.

२२ मार्च २०२० ला थाळ्या वाजल्या, ३ मे रोजी हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुले पडली, ‘कोरोना योद्धा’ ही पदवी मिळाली. सन्मानाला कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. पण सैनिकाला योद्धा म्हणताना त्याच्या नावाची नोंद असते, निवृत्तिवेतन असते, तो पडला तर मोजला जातो. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितले, की मृत आरोग्य कर्मचाऱ्यांची आकडेवारी केंद्राकडे ठेवली जात नाही. तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेला ३८२ मृत डॉक्टरांची यादी स्वतः जाहीर करावी लागली. आया आणि सफाई कामगारांची यादी करणारी तेवढी समर्थ संघटना नव्हती. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला, ते त्यांनी स्वेच्छेने पत्करलेले व्रत होते. कंत्राटी आयेचा मृत्यू त्या पंक्तीला नेऊन बसवणे आणि तिच्या वारसाला कागदपत्रांसाठी हेलपाटे घालावयास लावणे, यात सावित्रीबाईंचाही गौरव नाही.

शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या संकटासाठी सदैव दुप्पट माणसे पोसणे कोणत्याही तिजोरीला परवडणार नाही, असा आक्षेप या विवेचनावर घेतला जाईल. आक्षेप गैरलागू नाही. परंतु मागणी दुप्पट माणसांची नाहीच. मागणी मंजूर पदे भरण्याची आणि ३० टक्के रजा-राखीव खरोखर राखीव ठेवण्याची आहे. त्या पंचेचाळीस जणी असत्या तर ऐंशीपर्यंतची चढण शक्य कोटीतील होती. पंचविसांवरून ती अशक्य होती. अग्निशमन दलाचा जवान रोज आग विझवत नाही म्हणून त्याला कोणी बिनकामाचा म्हणत नाही. सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारनेच दिले होते. मुदत उलटली, वचन पुरे झाले नाही.

साथीनंतर काय झाले तेही पाहावे. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि अकरा रुग्ण दगावले. एका वैद्यकीय अधिकारी महिलेसह परिचारिकांना अटक झाली. कर्तव्यात कसूर झाली असेल तर चौकशी झालीच पाहिजे. पण विजेच्या तारा आणि अग्निसुरक्षा परिचारिकेच्या अखत्यारीत केव्हा आली? ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या पालिका रुग्णालयात एका दिवसात अठरा, आणि ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले. तेव्हा साथ नव्हती. नांदेडला एका लोकप्रतिनिधीने अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन प्रसाधनगृह साफ करावयास लावले. चतुर्थश्रेणीची भरती कोणी अडवली, हा प्रश्न त्यांनी मंत्रालयात विचारावयास हवा होता. त्याच महिन्याच्या अखेरीस राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी कर्मचारी संपावर गेले. दहा वर्षे सेवा झालेल्यांना सामावून घेण्याचा निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांना पुन्हा काम बंद करावे लागले. साथीत हीच माणसे सर्वांत आधी बोलावली गेली होती.

कार्यकर्त्यांच्या हाताशी यात एक साधे काम आहे. प्रत्येक जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयाच्या आस्थापना शाखेत मंजूर, भरलेली आणि रिक्त पदे यांचा संवर्गनिहाय तक्ता असतो. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर तो मिळतो. अर्जात रजा-राखीव पदांचा आकडा वेगळा मागावा, आणि कंत्राटदारामार्फत घेतलेल्या आया, वॉर्डबॉय व सफाई कामगारांची हजेरी, त्यांना प्रत्यक्ष दिलेला पगार आणि भविष्यनिर्वाह निधीचा भरणा हेही मागावे. कारण ती माणसे आस्थापनेच्या तक्त्यात दिसत नाहीत, कंत्राटदाराच्या बिलात दिसतात.